येऊन गेलेला ताप

थंडी पडली की आमच्या बोळातल्या नळावर बायका मला हमखास विचारतात, "मास्तरीणबाई, एकदा येऊन गेला की परत येत नाही ना हो हा ताप?" मी म्हणते, येतो. आमच्या घरी एकाच हिवाळ्यात दोनदा आला. मग त्या घागर भरून वाहायला लागली तरी ऐकत उभ्या राहतात आणि मागच्या बायकांचा खोळंबा होतो. म्हणून यंदा ठरवलं, सगळं एकदा लिहूनच काढावं. माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंतचं. मास्तरांनी ऱ्हस्वदीर्घ तेवढं नीट करून दिलं, बाकीच्याला हात लावला नाही.

मास्तर म्हणजे आमचे हे. मूळचे केमचे, शेतकऱ्याच्या घरातले. सोलापुरात शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवतात. माझं माहेर मैंदर्गी, त्यामुळं माझी पहिली बोली कानडी. घरात तेव्हा आम्ही चौघं होतो. आम्ही दोघं, सात वर्षांची शकू आणि यांची थोरली बहीण भागीरथी. त्या विधवा. मी त्यांना वन्सं म्हणते, बाकी सगळा बोळ आक्का म्हणतो. त्या हिवाळ्यात मला पाचवा महिना चालू होता.

माग थांबले

आमचा बोळ तेलुगू विणकरांचा. पहाटेपासून घराघरांत हातमाग चालतात. त्या आवाजाची इतकी सवय की तो चालू असतो तेव्हा ऐकू येत नाही, थांबला की येतो. पौषातल्या एका सकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. समोरच्या घरातला माग बंद होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारचा थांबला. तिसऱ्या दिवशी आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या नरसम्माच्या घरातले दोन्ही माग थांबले. नरसम्मा दारातून म्हणाली, "सगळे पडले, आक्का. ताप. कोण उठत न्हाय."

त्याच दिवशी हे शाळेतून दुपारच्या आतच घरी आले. टोपीसुद्धा न काढता उंबऱ्यावर बसले.

"निम्मी पोरं आलीच नाहीत," म्हणाले. "आणि माझंही अंग कसकसतंय."

मी कपाळाला हात लावला. तवा बरा.

डॉक्टर आले तो दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. म्हातारे होते, अंगात काळा कोट, डोळ्यांखाली झोप साठलेली. त्या आठवड्यात ते कुठल्याच घरी बसून चहा प्याले नसतील. यांच्या छातीला नळी लावली, जीभ बघितली आणि म्हणाले, "इन्फ्लुएंझा."

शब्द नवा नव्हता. मानमोडीच्या साथीत सगळ्यांनी ऐकला होता. त्या साथीला बारा-तेरा वर्षं झाली होती, तरी तो उच्चारल्याबरोबर मी शकूला जवळ ओढलं.

डॉक्टरांना ते कळलं असावं. "त्याच जातीचा आहे, पण या खेपेला एवढा वाईट नाही," ते म्हणाले. "यांचं अंथरूण वेगळं करा. पेला, ताटली वेगळी. खोकताना तोंडापुढं फडकं धरा. खिडकी उघडी ठेवा." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आणि हिला या खोलीत येऊ देऊ नका. पोटुशी बाई आहे."

"मग यांचं करणार कोण?" मी विचारलं.

वन्सं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मी हाय की. मला मानमोडी हून गेलीया. एकदा धरून सोडलंय तिनं मला. आता ती मला शिवायची न्हाय."

"तसं काही सांगता येत नाही, बाई," डॉक्टर म्हणाले. पण त्यांचं एक पाऊल टांग्यात होतं, आणि वन्सं तर केव्हाच चुलीवर पाणी ठेवायला वळल्या होत्या.

मी यांच्या खिशातला खडू काढला आणि पेल्यांवर खुणा केल्या. एक रेघ यांची, दोन शकूच्या, तीन माझ्या, चार वन्संच्या. संध्याकाळी बघते तर सगळे पेले राखेनं लख्ख घासून एकात एक घालून ठेवलेले.

"घरच्या माणसाला कशाला गं खुणा?" वन्सं म्हणाल्या. "आमी काय परकी हाय का एकमेकाला?"

त्या मोठ्या. मी गप्प बसले. बसायला नको होतं, एवढं आज लिहिते.

तीन अंथरुणं

चौथ्या दिवशी शकूला ताप आला, सहाव्या दिवशी मला. ज्या खोलीत मला येऊ द्यायचं नव्हतं, त्याच खोलीत माझं अंथरूण पडलं.

अंग असं दुखत होतं की जणू कुणीतरी कांडून काढलंय. डोळे फिरवले तरी दुखायचे. पण सगळ्यांत वाईट होती भीती. ताप माझ्या अंगात आहे म्हणजे पोटातल्या जिवाच्याही अंगात आहे का, हे कुणाला विचारावं ते कळत नव्हतं, आणि उत्तर ऐकायचं धाडसही नव्हतं.

वन्सं आम्हा तिघांच्या मधोमध बसून असायच्या. एकाच तांब्यातून तिघांना पाणी, एकाच पदरानं तिघांची तोंडं पुसायची. आलं, मिरी, गवती चहाचा काढा. मिठाच्या पुरचुंडीचा छातीला शेक. डॉक्टरांच्या औषधाच्या बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असायची, एका खुणेएवढा डोस. वन्संना वाचता येत नव्हतं, पण त्या खुणा त्यांनी एकदाही चुकवल्या नाहीत.

तापात मी कानडीत बोलायला लागले. "नीरु, नीरु" म्हणत राहिले. वन्संना वाटलं मी नीरा मागतेय. "आता शिंदीची झाडं कुटं शोधू गं हिच्यासाठी!" त्या म्हणत होत्या. शेवटी शकूनं अंथरुणातून क्षीण आवाजात सांगितलं, "आत्या, आई पाणी मागतीय."

नरसम्माच्या घरातली माणसं तोवर उठली होती. ती रोज दुपारी आमच्या उंबऱ्यावर भांडं ठेवून जायची. आत कधी आली नाही. "खाली भात हाय, वर चारू," एवढं ओरडून सांगायची. चारू म्हणजे चिंचेचं पातळ, मिरी घातलेलं सार. सात दिवस तोंडाला कशाचीही चव नव्हती, ती पहिल्यांदा त्या चारूनं आली. भांडं दारात ठेवून परत जाणाऱ्या बाईचं आमच्यावर प्रेम कमी होतं असं कुणी म्हणू नये.

मोकळं घर

संक्रांत अंथरुणातच गेली. सिद्धेश्वराच्या यात्रेचे नंदीध्वज रस्त्यानं गेले, त्यांच्या वाद्यांचा आवाज तेवढा आमच्यापर्यंत आला. पुढच्या आठवड्यात तिघंही उठून बसलो. वन्संना काही झालं नव्हतं. त्यांनी गोधड्या उन्हात टाकल्या, घर सारवलं, आमच्या तिघांवरून मीठमोहऱ्या उतरवल्या आणि म्हणाल्या, "झालं. घर मोकळं झालं. आता ह्या वर्साला काळजी न्हाय."

मलाही तसंच वाटलं. वन्संचं उदाहरण डोळ्यांसमोर होतं. बारा वर्षांपूर्वी एकदा झालेला ताप त्यांना आमच्या तिघांच्या उशाशी बसूनही लागला नव्हता. मला तर नुकताच होऊन गेलेला.

म्हणून माघात नरसम्माची सून तापानं पडली आणि नरसम्मा पुन्हा एकटी पडली, तेव्हा मी पदर खोचून गेले. आठ दिवस रोज गेले. सुनेला मांडीवर घेऊन पेज पाजली. ती माझ्या तोंडावर खोकायची. मी म्हणायचे, "खोक बाई, मला होऊन गेलंय." तिथून घरी यायचे आणि वन्संच्या ताटाला ताट लावून जेवायला बसायचे.

आठव्या दिवशी संध्याकाळी वन्सं म्हणाल्या, "आज जेवान नगं वाटतंय." वन्सं उपासाच्या दिवशीसुद्धा असं कधी म्हणत नसत.

दोन दिवसांनी मी.

"तुम्ही आलात तर मी येते"

दुसरा ताप पहिल्यासारखा नव्हता. पहिल्यानं अंग मोडलं होतं, दुसरा छातीत उतरला. श्वास पुरेना. आडवं झालं की कोंडायचं, म्हणून मी भिंतीला टेकून बसायची. खोकला आला की पोटाला दोन्ही हातांनी धरायची. वन्संच्या थुंकीत लाल दिसलं. यांना आणि शकूला मात्र या खेपेला काहीच झालं नाही. का नाही, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "पहिल्याचा थकवा अंगातून गेला नव्हता, त्यावर हा आला. दोघींनाही सरकारी दवाखान्यात न्या. आजच."

वन्सं भिंतीकडं तोंड करून झोपल्या. "मी न्हाय जायची. तितं गेलेलं मानूस परत येत न्हाय."

हे समजावून थकले. शेवटी मी म्हणाले, "वन्सं, तुम्ही आलात तर मी येते. नाहीतर मीपण इथंच."

"येडी का काय तू? तुज्या पोटात—"

"म्हणून तर म्हणते, चला."

वन्संनी माझ्या पोटाकडं बघितलं. मग हात टेकून उठल्या आणि लुगडं नीट करू लागल्या. टांगेवाल्यानं आमच्याकडं एकदा बघितलं आणि घोड्याचा लगाम आवळून धरला. "बैठो अम्मा, हल्लू लेके जातूं." सगळ्या रस्ताभर त्यानं घोडा चालत नेला. त्या माणसाचं नाव विचारायचं राहून गेलं.

बायकांचा वॉर्ड

ज्यांना दवाखान्याची भीती वाटते त्यांच्यासाठी सांगते, तिथला दिवस फार साधा असतो. उजाडलं की नर्सबाई काखेत थर्मामीटर लावून जायची. मग फिनेलनं फरशी. मग पातळ सागू. दहाला डॉक्टर, मागं दोघंतिघं शिकाऊ. दुपारी सगळा वॉर्ड पेंगायचा. खाटा लोखंडी, दोन खाटांत हात पुरणार नाही एवढं अंतर. माझी आणि वन्संची खाट शेजारी होती.

भेटायला आलेल्यांना आत सोडत नसत. संध्याकाळी हे शकूला घेऊन खिडकीखाली उभे राहायचे. तिचा आवाज वरपर्यंत पोचायचा नाही, म्हणून तिनं पाटी उंच धरली. पाटीवर लिहिलं होतं, "आइ जेवलिस का". तिसरीच्या मास्तरांच्या पोरीचं ते शुद्धलेखन! मी हसले आणि हसता हसता एवढी खोकले की नर्सबाई धावत आली.

एका सकाळी मला ग्लानी होती. पुढचं मला नर्सबाईनं सांगितलं. मी "नीरु" म्हणत होते आणि तिला काही उमगत नव्हतं. शेजारच्या खाटेवरून वन्सं, स्वतःला बोलायला दम नसताना, म्हणाल्या, "पानी मागतीया ती. तिच्याकडं पान्याला नीरु म्हंत्यात."

पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की पोटातलं मूल आदल्या सकाळपासून हललं नव्हतं.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल असं वाटत होतं. पोटावर हात ठेवून पडून राहिले. दुपारी वॉर्ड निजला तेव्हा वन्सं खाटेवरून उतरल्या. त्यांना उतरायची बंदी होती. त्यांनी आधी पदर तोंडावरून घेऊन मागं घट्ट बांधला. एवढ्या दिवसांत असं त्यांनी पहिल्यांदाच केलं. मग माझ्या पायाशी बसून पोटावर हात ठेवला.

"कधीपासनं?"

"काल सकाळपासून."

त्यांनी हात काढला नाही. पदराआडून हळू बोलायला लागल्या.

"मानमोडीत मी आदी पडले. लई बेकार ताप, पन उठले. उठले म्हून पोरीला लगेच पाजायला घेतलं. आट म्हैन्याची हुती. माज्या मालकाच्या उशाशी बसले. मला वाटलं, मी उठले म्हंजे माज्या अंगातली ती गेली. ती गेली न्हवती गं. माज्याकडनं पोरीला गेली, ह्यांना गेली. चार दिसांत दोगं." त्यांनी पदराची गाठ घट्ट केली. "मला परत शिवायची न्हाय, असं मी सगळ्यास्नी सांगत फिरते. खरं म्हंजे मी वाट बगत हुते. येईल, मलापन नेईल."

मी त्यांचा हात धरला. त्या हाताला ताप होता, माझ्याही होता.

नर्सबाईनं आम्हाला तसं बघितलं आणि ती वन्संना रागवायला आली, पण माझं तोंड बघून थांबली. मी सांगितलं. ती लाकडी कर्ण्यासारखं काहीतरी घेऊन आली, पोटावर टेकवून कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. एकदा जागा बदलली. मग म्हणाली, "ठोके आहेत. बारीक आहेत, पण आहेत. तुझ्यासारखंच दमलंय ते."

वन्सं आपल्या खाटेवर जाऊन पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सागू खाताना पोटात बारीकसं ढुसणं बसलं. मी चमचा वर धरून वन्संना खूण केली. त्यांनी डोळे मिटले.

जे अंगात राहतं

तीन आठवड्यांनी घरी आलो. ताप गेला म्हणजे आजार गेला, असं नसतं. महिना-दीड महिना मला कळशी उचलवत नव्हती. केस मुठीनं गळायचे. वन्संचा खोकला तर उन्हाळा लागला तरी होताच. स्वयंपाक हे करायचे. शाळेआधी भाकरी, शाळेनंतर भाकरी, दोन्ही वेळच्या करपलेल्या.

एके दिवशी तवा आपटून हे म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं नरसम्माकडं पुढारपण करायला? तू आणलास घरात."

खोटं नव्हतं. उत्तर वन्संनी दिलं. भावावर त्या कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही.

"तिनं आनला म्हनू नगंस. नरसम्माचं सार आपून आट दिस खाल्लं, तवा कुनी मोजलं का? कुनाकडनं आला त्ये द्येवाला ठाव. पन असलं बोललेलं अंगात ऱ्हातं बाबा. ताप निगतो, ह्ये निगत न्हाय."

यांनी तवा पुन्हा चुलीवर ठेवला. त्या दिवसानंतर ती गोष्ट आमच्या घरात पुन्हा कधी निघाली नाही. आजारी घरातल्या माणसांसाठी मला हे औषधाइतकंच महत्त्वाचं वाटतं. पेले वेगळे ठेवा, तोंडावर फडकं बांधा, होऊन गेलंय म्हणून बेफिकीर राहू नका. आणि कुणी आणला याचा हिशेब मांडू नका.

बारसं

ज्येष्ठात मी घरीच बाळंत झाले. मुलगी. बारीक होती, पण रडली खणखणीत. सुईणीनं तिला पुसून वन्संकडं दिली, तशा वन्सं दोन पावलं मागं सरल्या.

"मला कालपास्नं कसकस हाय," म्हणाल्या. "घशात खवखवतंय."

आणि त्या उंबऱ्याबाहेर जाऊन बसल्या, तोंडाला पदर बांधून. कुणी सांगितलं नव्हतं. पाचवीच्या पूजेला शेजारपाजारच्या बायका आल्या, त्यांना वाटलं विधवा म्हणून बाहेर बसल्यात. एकीनं तसं हळूच बोलूनही दाखवलं. वन्संनी ऐकलं आणि तसंच समजू दिलं. खरं कारण सांगत बसल्या नाहीत. स्वयंपाक बाहेरच्या चुलीवर करायच्या, ताट उंबऱ्यावर ठेवून लांब व्हायच्या आणि विचारायच्या, "पाजलीस का? झोपली का? कुनावर गेलीया गं?"

मी बाळाला उचलून दारातून दाखवायची.

बाराव्या दिवशी त्यांचा खोकला पुरता गेला नव्हता. बायका म्हणाल्या, एखाद्या सवाष्णीनं नाव ठेवलं तर कुठं बिघडतं? हे म्हणाले, "नाव आत्या ठेवते. आत्या बरी झाली की बारसं." त्यावर नळावर चार दिवस चर्चा झाली. पण बारसं लांबलं ते लांबलंच.

नऊ दिवस वन्संना ताप नाही, खोकला नाही असे गेले तेव्हा पाळणा बांधला. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, मग पुन्हा धुतले. तरी पाळण्याशी येऊन थांबल्या.

"घिऊ का गं?"

"घ्या वन्सं."

त्यांनी तिला उचलली. हात ओळखीच्या कामाला लागल्यासारखा आपोआप तिच्या मानेखाली गेला. नाव काय ठेवायचं ते आम्ही त्यांच्यावरच सोपवलं होतं. मला मनात एकच नाव अपेक्षित होतं, त्या आठ महिन्यांच्या पोरीचं. यांनाही तेच असावं. ते मान खाली घालून उभे होते.

वन्संनी तोंड बाळाच्या कानाशी नेलं, कुर्र केलं, आणि काहीतरी पुटपुटल्या. आम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही.

"काय ठेवलंत?" मी विचारलं.

"मालती."

त्यांना माझ्या मनातलं कळलं.

"तिचं न्हाय ठिवलं," बाळाला पदराखाली सारखी करत त्या म्हणाल्या. "तिचं तिच्याजवळ ऱ्हाऊ दे. हिला हिचं नवं."